दिवाणखान्यातील आखाडा

व्यापारी मनुष्याचा दिवस बसण्यात जातो, ही गोष्ट आपल्या घराघरांत इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्याकडे दोष म्हणून कोणी पाहत नाही. दुकानाची कुलपे नोकर काढतो, पोती हमाल उचलतो, माल टेम्पोवाला पोहोचवितो. मालकाने गादीवर बसावे, भाव सांगावा, सही करावी आणि फोन घ्यावा. माझीही गत निराळी नव्हती. छत्तीस वर्षे मी बँकेत खुर्चीवर बसलो. गावे बदलली, शाखा बदलल्या, खुर्ची मात्र कायम राहिली. निवृत्तीनंतर सांगलीच्या वडिलोपार्जित घरी परतलो आणि धाकट्या बंधूंच्या हळदीच्या अडत दुकानात वेळ घालविण्यासाठी जाऊ लागलो. म्हणजे पुन्हा बसणेच!

गेल्या दिवाळीनंतर दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. बंधूंच्या रक्ततपासणीचा अहवाल आला. आठ वर्षांच्या मधुमेहात त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारा आकडा प्रथमच ८.१ वर गेला होता. आणि एका विवाहसमारंभात मंगल कार्यालयाचा तिसरा मजला चढताना मला मध्येच कठड्याला धरून उभे राहावे लागले. मागून येणाऱ्या मंडळींना वाटले, मी कोणाची तरी वाट पाहत आहे. मीही तसेच भासविले.

हे दोन्ही प्रसंग पुतण्याच्या कानावर गेले. तो सत्तावीस वर्षांचा. पुण्यात नोकरीस असताना त्याने व्हिडिओवरील एक कडक व्यायामक्रम पूर्ण केलेला होता. तो म्हणाला, "अण्णा, जिमला जायला नको, कुणी बघायला नको. दिवाणखान्यात टीव्हीसमोर चाळीस मिनिटं. दोन-अडीच महिन्यांत माणूस बदलतो." बंधू माझ्याकडे पाहू लागले. आमच्या घरी अजूनही थोरल्याच्या होकाराला किंमत आहे. मी होकार दिला. त्या होकाराचा पुढे काय परिणाम झाला, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे.

पडद्यावरचा गुरू

ज्या वस्तूच्या आहारी जायचे तिचा पूर्वेतिहास जाणून घ्यावा, ही बँकेतील जुनी सवय. म्हणून थोडे वाचन केले. पडद्यासमोर व्यायाम करण्याची कल्पना वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेत जॅक लालेन नावाच्या व्यायामशिक्षकाने १९५१ साली दूरचित्रवाणीवर व्यायामाचा कार्यक्रम सुरू केला आणि तो तीन दशकांहून अधिक काळ चालविला. घरातील साधी खुर्ची हेच त्याचे एक प्रमुख साधन. पुढे व्हिडिओ कॅसेट आली. १९८२ साली अभिनेत्री जेन फोंडा हिच्या व्यायामाची कॅसेट बाजारात आली आणि तिचा खप असा झाला की घरी व्हिडिओ प्लेअर घेण्यास ती एक कारण ठरली. चित्रपटाची कॅसेट लोक भाड्याने आणीत; परंतु व्यायामाची कॅसेट रोज लागते, म्हणून विकत घेऊ लागले. व्यापाराच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हता.

मात्र त्या काळातील व्यायाम सामान्य गृहिणीला झेपेल अशा बेताचा होता. चालू शतकात वारे बदलले. २००५ साली टोनी हॉर्टन या शिक्षकाचा 'पी नाइन्टी एक्स' हा नव्वद दिवसांचा क्रम आला, तर २००९ साली शॉन टी याचा 'इन्सॅनिटी' हा साठ दिवसांचा. दुसऱ्याचे नावच वेडेपणा! पहिल्यात वजने, उड्या, योगासने यांची आळीपाळीने योजना असून आठवड्यातील सहा दिवस घाम गाळावयाचा असतो. दुसऱ्यात वजने मुळीच नाहीत. स्वतःचे शरीर हेच ओझे. नेहमीच्या पद्धतीत थोडा वेळ जोराचा व्यायाम आणि त्याहून अधिक वेळ सौम्य हालचाल असा क्रम असतो. येथे तो उलटा केलेला आहे: सुमारे तीन मिनिटे पराकाष्ठेचे श्रम आणि अर्धा मिनिट विश्रांती. विशेष म्हणजे प्रारंभी स्वतःची क्षमता मोजण्याची एक चाचणी त्यात दिलेली आहे आणि व्यायामापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा, अशी सूचना असल्या सर्वच क्रमांच्या आरंभी असते. ती सूचना पडद्यावर येते तेव्हा आपण चटई अंथरीत असतो.

अल्प काळात तीव्र श्रम करण्याच्या या पद्धतीमागे शास्त्र नाही, असे कोणी समजू नये. जपानचे संशोधक इझुमी ताबाता यांनी १९९६ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. वीस सेकंद अत्यंत वेगाने व्यायामाची सायकल चालवायची, दहा सेकंद थांबायचे, अशी सात-आठ आवर्तने. म्हणजे जेमतेम चार मिनिटे. सहा आठवड्यांत त्या तरुणांची प्राणवायू वापरण्याची क्षमता लक्षणीय वाढली. हा निबंध जगभर गाजला. त्यातील एक बाब मात्र जाहिरातीत सांगितली जात नाही. ज्यांच्यावर हा प्रयोग झाला ते शारीरिक शिक्षणाचे तरुण विद्यार्थी होते आणि ही पद्धत मुळात जपानच्या बर्फावरील शर्यतींच्या खेळाडूंसाठी त्यांच्या प्रशिक्षकाने वापरलेली होती. चौसष्ट वर्षांचा निवृत्त बँक अधिकारी आणि त्याचे मधुमेही बंधू त्या यादीत नव्हते.

पुतण्याने आमच्यासाठी निवडलेला क्रम याच घराण्यातला होता. त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. कारण पुढे जे घडले त्यात दोष त्या क्रमाचा नसून आमचा, त्यातही माझा होता.

पहिला आठवडा

सोमवारी पहाटे साडेपाच वाजता दिवाणखान्यातील टीपॉय भिंतीला लावला, गालिचा गुंडाळला आणि तिघे उभे राहिलो. मी जुन्या पायजम्यात, बंधू बनियनमध्ये, पुतण्या त्याच्या व्यवस्थित पोशाखात. पडद्यावर पंधरा-वीस तरुण-तरुणी आणि पुढे तो शिक्षक. पहिली पाच मिनिटे अंग गरम करण्याची. तेवढ्यातच माझे अंग गरम होऊन पुन्हा गार होण्याच्या बेतात आले! पडद्यावरची मंडळी अजून मुख्य व्यायामास लागलेलीच नव्हती.

त्यानंतर 'बर्पी' आली. उभे राहायचे, खाली बसून हात जमिनीला टेकायचे, पाय मागे फेकायचे, पुन्हा जवळ घ्यायचे, उभे राहून उडी मारायची. आपल्याकडील जोर आणि बैठक यांना एकत्र करून वर उडीचे व्याज लावावे, असा हा प्रकार. याचे मूळ पुढे वाचले तेव्हा हसू आले. रॉयल बर्पी नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९३९-४० च्या सुमारास ही हालचाल शोधली ती व्यायाम म्हणून नव्हे, तर मनुष्याची तंदुरुस्ती झटपट जोखण्याची चाचणी म्हणून. ती थोड्याच वेळा करायची आणि आधीची व नंतरची नाडी मोजायची. उडीही त्यात नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन लष्कराने ती उचलली, आवर्तने वाढली, आणि ऐंशी वर्षांनी ती सांगलीच्या दिवाणखान्यात आमची परीक्षा घेण्यास आली.

चौथ्या बर्पीला मी खाली बसलो तो उठलोच नाही. बंधूंनी मात्र नेट धरला. त्यांच्या चेहऱ्यावर मी कित्येक वर्षांत न पाहिलेला उत्साह होता. व्यायाम संपल्यावर ते म्हणाले, "अण्णा, शाळेनंतर पहिल्यांदाच छाती भरून श्वास घेतला बघा."

दुसऱ्या दिवशी मांड्या अशा दुखल्या की जिना चढणे सोपे आणि उतरणे कठीण, असा उलटा व्यवहार झाला. याचेही कारण आहे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलत असतो आणि अशा श्रमाने त्यात सूक्ष्म इजा अधिक होतात. ही वेदना साधारणपणे एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचून उतरते. आम्ही तेल चोळले, गरम पाण्याने शेकले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहिलो. घरातील स्त्रिया दाराआडून हसत होत्या. दुकानात बंधू दिवाणजींना बर्पीचे वर्णन करून सांगत होते. आठवड्याच्या शेवटी माझी पंधरा मिनिटे आणि त्यांची पंचवीस मिनिटे होऊ लागली. मला त्याचा अभिमान वाटू लागला. आणि अभिमान वाटू लागला की तपासणी थांबते, हा बँकेतील अनुभव मी विसरलो.

चतुर्दशीचा दिवस

दुसऱ्या आठवड्यात चतुर्दशी आली. बंधू गेली कित्येक वर्षे अष्टमी-चतुर्दशीला एकाशन करतात. मधुमेह झाल्यापासून औषध व पाणी यांची सवलत ठेवून त्यांनी तो नेम चालविला आहे. आदल्या रात्री त्यांनी विचारले, "उद्या एकाशन आहे, व्यायाम राहू दे का?" मी म्हणालो, "दहा दिवसांत खंड पडला नाही, उद्याही नको. थोडा कमी कर." त्यांनी कमी केला नाही. थोरल्या भावाने 'खंड नको' म्हटल्यावर धाकटा भाऊ कमी कसा करील?

सकाळी आठ वाजता त्यांनी नेहमीप्रमाणे मधुमेहाची गोळी घेतली आणि दुकानात गेले. जेवण बारा वाजता होणार होते. मीही गेलो. साडेदहाच्या सुमारास ते एका शेतकऱ्याची पट्टी करीत होते. त्यांच्या कपाळावर घाम दिसला. कार्तिकातील गार सकाळ, वर पंखाही चालू होता. मला वाटले, पहाटेचा थकवा असेल. नोटा मोजताना त्यांचा हात थरथरत होता. तिसऱ्यांदा मोजूनही रक्कम जुळेना, तेव्हा मी वर्तमानपत्रातून मान वर काढून, "लक्ष कुठे आहे तुझं?" असे म्हणालो. ते शब्द आजही मला बोचतात.

आमचे दिवाणजी स्वतः मधुमेही आहेत. त्यांनी बंधूंकडे एकदा पाहिले, टेबलाच्या खणातून साखर मोजण्याचे यंत्र काढले आणि शेतकऱ्यासमोरच बंधूंच्या बोटाला सुई टोचली. आकडा आला ४८. सत्तरच्या खाली गेला की धोका मानतात. दिवाणजींनी पेलाभर पाण्यात चार चमचे साखर ढवळून पुढे केली. बंधू तशाही अवस्थेत, अडखळत म्हणाले, "आज चौदस आहे." मी उठलो, पेला त्यांच्या ओठांना लावला आणि म्हणालो, "घे. हा दोष माझा." पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले तेव्हा ७६ झाली होती. मग थोडा भात खाल्ला आणि डॉक्टरांकडे गेलो. सर्व मिळून अर्ध्या तासाचा खेळ. दिवाणजी त्या दिवशी रजेवर असते तर काय झाले असते, याचा विचार मी कितीदा तरी केला आहे.

संध्याकाळी भावजय चहाचा कप ठेवून थांबल्या. त्या मला सहसा उलट बोलत नाहीत. म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही बँकेत असताना कागद तपासल्याशिवाय सही करत नव्हतात, असं सगळे सांगतात." एवढेच बोलून त्या आत गेल्या.

डॉक्टरांनी मांडलेला हिशेब

आमच्या डॉक्टरांनी रागावण्याऐवजी कागद घेऊन हिशेब मांडला. आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी, साडेपाच वाजता जेवण. त्यानंतर सकाळी साडेदहापर्यंत सतरा तास पोटात अन्न नाही. त्यात पहाटे तीव्र व्यायाम. त्या वेळी स्नायू आपल्याजवळची साखर खर्च करतात आणि नंतर रक्तातून ती ओढून घेत राहतात. हा परिणाम व्यायाम संपल्यावर थांबत नाही. काही वेळा चोवीस तासांपर्यंत टिकतो. आणि वर ती गोळी. मधुमेहाच्या सर्व गोळ्या सारख्या नसतात. काहींमुळे साखर सहसा धोक्याच्या पातळीपर्यंत उतरत नाही. परंतु काही गोळ्या स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन सोडावयास लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो. बंधूंची गोळी त्या दुसऱ्या वर्गातील होती. "उपास एकटा चालला असता, व्यायाम एकटा चालला असता. तिन्ही एका सकाळी आले," असे डॉक्टर म्हणाले.

पुढे त्यांनी विचारले, "आठ वर्षं एकाशन करता, हे मला कधी सांगितलं नाहीत?" बंधू गप्प राहिले. आपल्यापैकी किती जण डॉक्टरांना आपली पर्वे, एकाशने, सूर्यास्तापूर्वीचे जेवण यांविषयी सांगतात? आपणास वाटते, तो आपला खाजगी धर्माचार आहे, त्यांना त्याचे काय? वास्तविक डॉक्टर गोळीची मात्रा आणि वेळ ठरवितात ते मनुष्य दिवसातून तीनदा जेवतो असे गृहीत धरून. ते गृहीत चुकीचे असेल तर पुढचा सर्व हिशेब चुकतो. बंधूंनी व्रत सोडावे, असे डॉक्टरांनी सुचविले नाही. त्या दिवसांसाठी गोळीची वेगळी वेळ आणि मात्रा त्यांनी लिहून दिली, व त्या दिवशी चालण्यापलीकडे व्यायाम नाही, अशी अट घातली.

माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "आणि तुम्ही?" मी मंगल कार्यालयाचा जिना सांगितला. पट्ट्यावर चालवून हृदयाचा आलेख काढण्याची तपासणी झाली. सुदैवाने ती निर्दोष निघाली. त्यानंतर त्यांनी मला एका खुर्चीवर बसविले, हात छातीवर आडवे घ्यावयास सांगितले आणि अर्ध्या मिनिटात जितक्या वेळा पूर्ण उभे राहून बसता येईल तितक्या वेळा बसा-उठा म्हणाले. माझे ११ झाले. माझ्या वयाच्या, म्हणजे साठ ते चौसष्ट वर्षांच्या पुरुषाचे चौदाच्या खाली आले तर ते सरासरीहून कमी समजतात. जो मनुष्य खुर्चीतून नीट उठू शकत नव्हता, तो दहा दिवस उड्या मारीत होता!

बँकेत असताना मी अनेक तरुण व्यापाऱ्यांना एक गोष्ट समजावून सांगत असे. स्वतःचे भांडवल थोडे आणि उलाढाल मोठी असली की धंदा तेजीत दिसतो, विक्रीचे आकडे वाढतात, आणि एके दिवशी एक लहानसे देणे चुकते व सारा डोलारा कोसळतो. त्याला आम्ही 'ओव्हरट्रेडिंग' म्हणत असू. कित्येकांची कर्जमर्यादा मी याच कारणास्तव वाढवून दिली नव्हती. स्वतःच्या भावाच्या बाबतीत मात्र मी दहा दिवसांची उलाढाल पाहून मर्यादा वाढविली आणि भांडवल किती आहे, हे विचारलेच नाही.

मग व्यायाम सोडला का?

नाही. सोडणे सोपे होते आणि घरातील बहुतेकांना तेच हवे होते. परंतु डॉक्टर म्हणाले की बसून राहण्यातील धोका व्यायामातील धोक्याहून मोठा आहे. प्रश्न आहे तो पायरीचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचे, अथवा ७५ ते १५० मिनिटे जोराचे श्रम करावेत; शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. पासष्ट वर्षांपुढील व्यक्तींनी तोल सांभाळण्याचे व्यायामही आठवड्यातून तीन दिवस करावेत. आपल्यापैकी पुष्कळ जण सकाळी फिरावयास जातात, ते उत्तमच. परंतु वयाबरोबर स्नायू झिजतात आणि ती झीज नुसत्या चालण्याने भरून येत नाही. त्यासाठी भार पेलावाच लागतो, मग तो स्वतःच्या शरीराचा का असेना.

आम्ही आता काय करतो, ते थोडक्यात सांगतो. कोणास उपयोग झाला तर आनंद आहे.

आठवड्यातून तीनच दिवस, एक दिवसाआड, पंचवीस मिनिटे व्हिडिओ लावतो. उरलेल्या दिवशी चालतो. उडी मुळीच नाही. पाय मागे फेकावयाचे असतील तर एकेक पाय मागे नेतो. जोर जमिनीऐवजी ओट्याला हात टेकून मारतो. बैठक खुर्ची मागे ठेवूनच.

वेग नाडीवर ठरवितो. २२० मधून वय वजा करावे, येईल ती साधारण कमाल गती, असा जुना ठोकताळा आहे. माझ्यासाठी ती १५६. मध्यम श्रमाची मर्यादा तिच्या चौसष्ट ते शहात्तर टक्के, म्हणजे सुमारे १०० ते १२०. मात्र रक्तदाबाच्या काही गोळ्या हृदयाची गतीच कमी ठेवतात. त्या घेणाऱ्यांना हा हिशेब लागू पडत नाही. त्याहून सोपी कसोटी बोलण्याची: व्यायाम करताना वाक्य बोलता आले पाहिजे, गाणे म्हणता येऊ नये. वाक्यही तुटू लागले तर श्रम जोराचे झाले आहेत असे समजावे.

बंधू व्यायामापूर्वी साखर मोजतात. पुष्कळ कमी असेल तर आधी थोडे खातात, नाहीतर त्या दिवशी फिरावयास जातात. दिवाणखान्यात साखरेचा डबा आणि चमचा कायम ठेवलेला आहे. दुकानात दिवाणजींच्या खणात दुसरा.

छातीत दडपण, जबडा किंवा हाताकडे जाणारी कळ, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळा दम यांपैकी काहीही झाले तर ताबडतोब थांबावयाचे आणि डॉक्टर गाठावयाचा. 'एवढा क्रम पुरा करू' म्हणावयाचे नाही. दीर्घकाळ बसून असलेल्या मनुष्याने एकदम अतिश्रम केले, स्नायू असह्य दुखू लागले आणि लघवी गडद चहासारखी झाली, तर तेही दुखणे घरी तेल चोळण्याचे नाही. त्यात मूत्रपिंडास अपाय होऊ शकतो.

आहाराबाबत एवढेच की, या क्रमांसोबत येणाऱ्या आहारपत्रिकांत अंडी, मासे, कोंबडी यांचा सुकाळ असतो. ती पत्रिका आम्ही बाजूला ठेवली. डाळ, ताक, पनीर, भिजविलेली मटकी, शेंगदाणे यांतून स्नायूंना लागणारी प्रथिने मिळू शकतात. आपल्या ताटातील चूक ही की डाळीची वाटी लहान आणि भाताचा ढीग मोठा असतो. व्यायामाची वेळही आम्ही पहाटेऐवजी सकाळी न्याहारीनंतर दीड तासाने ठेवली. दुकान अर्धा तास उशिरा उघडले म्हणून सौदे अडले नाहीत.

औंधचे उदाहरण

हे सर्व करीत असताना वारंवार वाटते की आपण फार दूरची वस्तू आणली. सांगलीपासून फार लांब नसलेल्या औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार हे आपले जीवितकार्य मानले होते. स्वतः नित्य नमस्कार घालीत आणि संस्थानच्या शाळांतून मुलांकडूनही घालवून घेत. त्यांच्या पद्धतीची माहिती देणारे पुस्तक १९३८ साली थेट लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. उपकरण नाही, जागा चटईएवढी, वेळ थोडा: आजच्या व्हिडिओची सारी वैशिष्ट्ये त्यात आहेत. बारकाईने पाहिले तर बर्पी आणि सूर्यनमस्कार यांत वाकणे, पाय मागे नेणे, हातांवर भार घेणे, पुन्हा उभे राहणे हा क्रम बराच सारखा आहे. फरक आहे तो श्वासाचा आणि घाईचा. आम्ही आता व्यायामाची सुरुवात सहा सावकाश नमस्कारांनी करतो. पुतण्यालाही ते आवडले.

परंतु जुने ते सर्व सोने, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. आमच्या घरात सूर्यनमस्काराचे पुस्तक चाळीस वर्षे कपाटात होते आणि त्याने आम्हाला कधी उठविले नाही. उठविले ते टीव्हीने आणि पुतण्याने. त्याबद्दल मी त्या दोघांचा ऋणी आहे.

आता चार महिने झाले. खुर्चीवरून उठण्याची माझी चाचणी ११ वरून १६ वर आली. बंधूंचा तो आकडा ८.१ वरून ७.३ वर आला आणि डॉक्टरांनी गोळीही बदलली. परवा त्याच मंगल कार्यालयात दुसरे लग्न होते. तिसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता गेलो. वर पोहोचल्यावर दम लागला होता, हे कबूल करतो.

वाचकहो, आपल्या घरीही एखादा पुतण्या, मुलगा किंवा सून असा व्हिडिओ घेऊन येईल. त्यांना नाही म्हणू नका; त्यांना आपली काळजी असते. मात्र बटण दाबण्यापूर्वी डॉक्टरांकडे जा आणि आपण कोणत्या गोळ्या घेतो, कधी जेवतो, कोणत्या तिथीला जेवत नाही, हे सर्व त्यांच्यासमोर मांडा. आणि घरात आपण वडीलधारे असाल तर 'खंड नको' हे शब्द उच्चारताना दोनदा विचार करा, कारण धाकटी मंडळी ते ऐकतात.

त्या व्हिडिओत अगदी मागच्या रांगेत एक गृहस्थ आहेत. बाकीचे उड्या मारीत असतात तेव्हा ते शांतपणे एकेक पाय उचलून तोच व्यायाम करतात. पहिल्या दहा दिवसांत ते आमच्या दृष्टीसही पडले नव्हते. आम्ही पुढच्या शिक्षकाकडे पाहत होतो. आता बंधू आणि मी दोघेही त्यांच्याकडे पाहूनच व्यायाम करतो.